वर्गाबाहेरचे एक काम आणि चार अर्ज : एका प्रवेशप्रकरणाचा अभ्यास

अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रमांसाठी अर्ज करू पाहणाऱ्या मुलांचे पालक समुपदेशकाकडे आले की एक प्रश्न हमखास विचारतात: चित्रकला, लेखन, संगीत, नाटक यांत मुलाने शाळेबाहेर जे काही मिळवले आहे, त्याचा प्रवेशाला कितपत उपयोग होतो? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे एकच उत्तर देणे शक्य नाही, कारण तेच काम एका संस्थेत अर्जाचा कणा ठरते आणि दुसऱ्या संस्थेत ते उघडून पाहण्याची सोयही नसते. पुढील प्रकरणातील विद्यार्थिनी म्हणजे कोणी एक प्रत्यक्ष व्यक्ती नव्हे. अशा अर्जदारांच्या बाबतीत वारंवार दिसणारी परिस्थिती एकत्र करून हे प्रकरण बांधले आहे. संस्थांचे नियम, अर्जातील मर्यादा आणि सालांचे उल्लेख मात्र खरे आहेत.

विद्यार्थिनी आणि तिचे काम

अकरावी संपत आली तेव्हा या मुलीची शैक्षणिक बाजू भक्कम होती, पण अव्वल अर्जदारांमध्ये उठून दिसावी अशी नव्हती. शाळेतील गुण सातत्याने ९० टक्क्यांच्या पुढे, गणित आणि भौतिकशास्त्र विशेष चांगले, आणि सॅट परीक्षेत १६०० पैकी १५१०. तिला संगणकशास्त्र शिकायचे होते आणि त्याच्या जोडीने दृश्यकलाही सोडायची नव्हती. अर्ज भारतातून करायचा होता आणि चार वर्षांचा पूर्ण खर्च उचलणे घरच्यांना झेपणारे नव्हते. आर्थिक साहाय्याची ही गरज संस्थांची यादी ठरवताना निर्णायक ठरली.

नववीपासून ती घरी कागदी बाहुल्यांचे स्टॉप-मोशन लघुपट तयार करत होती. जाड कागदातून कापलेल्या बाहुलीचे खांदे, कोपर आणि गुडघे ती दोऱ्याच्या गाठीने जोडत असे, बाहुली काचेवर आडवी ठेवत असे आणि वर लाकडी चौकटीला बांधलेल्या मोबाइलने एकेक छायाचित्र टिपत असे. दर सेकंदाला १२ छायाचित्रे या हिशेबाने चार मिनिटांच्या लघुपटाला २,८८० छायाचित्रे लागतात, आणि त्यांतील प्रत्येकाआधी बाहुलीचा हात किंवा पाय केसभर हलवावा लागतो. पहिल्या लघुपटात चित्र सतत लुकलुकत होते, कारण खिडकीतून येणारा उजेड दिवसभर बदलत होता. तिने खिडकी झाकली, दोन दिवे ठरावीक कोनात लावले, मोबाइलचे एक्स्पोजर कायम केले, आणि तरीही उरलेला दोष शोधण्यासाठी पायथॉन या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो लागोपाठच्या छायाचित्रांची सरासरी प्रकाशमानता ताडून पाही आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्या छायाचित्राचा क्रमांक दाखवी. अकरावीअखेर चार आणि सहा मिनिटांचे दोन लघुपट पूर्ण झाले होते आणि तिसरा अर्ध्यावर होता. पारितोषिक म्हणावे तर शालेय पातळीवरचे एकच.

याखेरीज घरी प्रमाणपत्रांची एक जाडजूड फाइल होती: दोन वर्षांचे नृत्यशिक्षण, वक्तृत्व स्पर्धा, चित्रकलेच्या परीक्षा, एका ऑलिंपियाडमधील सहभाग, सुटीतील काही शिबिरे. वडिलांचे मत असे होते की अर्जात दहा उपक्रमांची जागा आहे तर ती दहाही भरली पाहिजेत, आणि उरलेल्या चार महिन्यांत आणखी दोन-तीन स्पर्धांत उतरून एखादे मोठे नाव मिळवावे. आईला वाटत होते की मुलीने तिसरा लघुपट पूर्ण करावा. एका परिचिताने तर घाईघाईने एखादी समाजसेवी संस्था स्थापन करून मुलीला तिची अध्यक्ष करण्याचा सल्ला दिला होता. मुलगी स्वतः गोंधळली होती, कारण ज्या कामात तिचे सर्वाधिक तास गेले होते त्यालाच दाखवण्यासारखे प्रमाणपत्र नव्हते.

अर्जात या कामाला जागा कुठे असते

हजाराहून अधिक महाविद्यालये स्वीकारत असलेल्या कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जात जास्तीत जास्त १० उपक्रम नोंदवता येतात. प्रत्येक उपक्रमातील भूमिका ५० अक्षरचिन्हांत, संस्थेचे नाव १०० अक्षरचिन्हांत आणि कामाचे वर्णन फक्त १५० अक्षरचिन्हांत बसवावे लागते. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही विचारले जाते. सन्मान व पारितोषिकांसाठी वेगळ्या पाच जागा असतात. मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. म्हणजे तीन वर्षांच्या कामाला मूळ अर्जात अक्षरशः दोन ओळी मिळतात, आणि त्या दोन ओळी वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्या दिवशीच्या इतर अनेक फाइली असतात.

या ओळींना पुढे किती महत्त्व मिळते हे पालकांना अंदाजाने ठरवावे लागत नाही. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालये दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात, आणि त्याच्या सी-७ या तक्त्यात प्रवेशाचा प्रत्येक निकष ‘अतिमहत्त्वाचा’, ‘महत्त्वाचा’, ‘विचारात घेतला जातो’ किंवा ‘विचारात घेतला जात नाही’ यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो ते संस्था स्वतः सांगते. या तक्त्यात ‘अभ्यासेतर उपक्रम’ आणि ‘कौशल्य किंवा प्रतिभा’ या दोन वेगवेगळ्या ओळी आहेत, ही गोष्ट फार थोड्या पालकांच्या लक्षात येते. मंडळात असणे ही एक बाब आणि हातात कसब असणे ही दुसरी, असा भेद संस्थाच करत आहेत. माझ्या मते कोणत्याही कुटुंबाने संस्थांची यादी करण्यापूर्वी हा तक्ता वाचायला हवा; सल्लागाराला दिलेल्या शुल्कापेक्षा त्या एका पानातून अधिक कळते.

अत्यंत चुरशीच्या विद्यापीठांत प्रत्यक्ष काय घडते याचे दुर्मिळ दर्शन हार्वर्डविरुद्धच्या खटल्यामुळे झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयात हा खटला उभा राहिला आणि २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अंतिम निर्णय दिला. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घ्यावा की नाही, याचा तो वाद होता. पण त्यानिमित्ताने उघड झालेल्या कागदपत्रांतून असे दिसले की वाचक अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिगत गुण यांसाठी स्वतंत्र श्रेणी देतात आणि त्यांत १ ही सर्वांत वरची असते. अभ्यासेतर उपक्रमांतील १ ही श्रेणी राष्ट्रीय पातळीवरील किंवा व्यावसायिक दर्जाच्या कामगिरीसाठी राखलेली आहे. शाळेत ठळक नेतृत्व आणि स्थानिक वा प्रादेशिक मान्यता असेल तर २. आणि मनापासून सहभाग आहे पण वेगळेपण नाही, अशांना ३. त्याच खटल्यात हेही समोर आले की एका वर्षी सुमारे १,६०० जागांसाठी अर्ज करणाऱ्या देशांतर्गत विद्यार्थ्यांपैकी ८,००० हून अधिक जणांची शालेय गुणसरासरी परिपूर्ण होती. अशा गर्दीत गुण ही प्रवेशाची अट राहते, निवडीचे कारण राहत नाही, आणि म्हणूनच वर्गाबाहेरचे काम तिथे महत्त्वाचे ठरते. मात्र नुसत्या प्रमाणपत्रांची फाइल या मोजपट्टीवर ३ च्या वर जात नाही, हेही तितकेच खरे आहे.

संख्येचा हा सोस कमी व्हावा असे संस्थांकडूनच सांगितले जाऊ लागले आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, दोन-तीन ठोस उपक्रमांपेक्षा अधिक नोंदवण्याचे दडपण विद्यार्थ्यांवर नसावे, अशी शिफारस केली होती. पेनसिल्व्हेनियातील लाफाएट कॉलेजने २०२३ मध्ये दहाऐवजी सहाच उपक्रम विचारात घेण्याचे जाहीर केले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या तंत्रशिक्षण संस्थेचा अर्ज तर पूर्वीपासून वेगळा आहे. तो अर्जदाराला त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या चारच गोष्टी विचारतो.

चार प्रकारच्या संस्था

कुटुंबाने चर्चेअंती चार प्रकारच्या संस्थांचा विचार केला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच दोन लघुपटांचे स्थान वेगळे निघाले.

पहिला प्रकार अत्यंत चुरशीच्या खासगी विद्यापीठांचा. येथे मूळ अर्जाखेरीज कलाकृती पाठवण्याची सोय बहुधा असते, पण ती ऐच्छिक असते, आणि काम खरोखर असामान्य असेल तरच पाठवावे असे या संस्था सुचवतात. साधारण दर्जाची पुरवणी जोडल्याने फाइल बळकट होत नाही. उलट वाचणाऱ्याचा वेळ जातो आणि अर्जदाराला आपल्या कामाची पातळी कळत नाही अशी शंका निर्माण होते.

दुसरा प्रकार तंत्रशिक्षणाच्या अशा संस्थांचा, जिथे हाताने घडवलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र मार्ग आहे. एमआयटीने ‘मेकर पोर्टफोलिओ’ची, म्हणजे स्वतः घडवलेल्या गोष्टींचा संग्रह सादर करण्याची, सोय ठेवली आहे; दृश्यकला, संगीत आणि संशोधन यांसाठीही वेगळे पोर्टफोलिओ घेतले जातात. या मुलीचे काम कलेच्या पोर्टफोलिओत जावे की मेकर पोर्टफोलिओत, यावर बराच खल झाला. शेवटी लाकडी चौकट, बाहुलीचे सांधे आणि लुकलुक शोधणारा प्रोग्रॅम यांना मध्यभागी ठेवून मेकर पोर्टफोलिओ तयार केला गेला, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. चित्रकार म्हणून तिची स्पर्धा वर्षानुवर्षे रेखाटनाचा सराव केलेल्या मुलांशी झाली असती. यंत्र आणि चित्र यांच्या मधल्या जागेत मात्र तिचे काम तिचेच होते. अर्थात अशा संस्थांत गणित आणि विज्ञानाची तयारी आधी पाहिली जाते, आणि एमआयटीने २०२२ मध्ये सॅट अथवा एसीटी परीक्षा पुन्हा अनिवार्य केली, हे विसरून चालत नाही.

तिसरा प्रकार कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या मोठ्या सार्वजनिक व्यवस्थेचा. तिचा अर्ज स्वतंत्र आहे. सॅटचे गुण तिथे निवडीसाठी पाहिले जात नाहीत आणि शिफारसपत्रे सर्वसाधारणपणे मागवली जात नाहीत. उपक्रम आणि सन्मान मिळून २० नोंदी करता येतात, आणि आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे प्रत्येकी ३५० शब्दांच्या मर्यादेत लिहावी लागतात. त्या आठांपैकी एक प्रश्न थेट अर्जदाराच्या सर्जनशील बाजूविषयीच आहे. एकंदर मूल्यमापनासाठी जे १३ निकष जाहीर केले आहेत, त्यांत एखाद्या क्षेत्रातील विशेष कौशल्य व कामगिरी हा एक आहे. पण काही कलाविषयक अभ्यासक्रम सोडले तर लघुपटच पाठवण्याची सोय इथे नाही. काम कितीही देखणे असो, वाचणाऱ्यासमोर जाते ते त्याचे शब्दांतले वर्णन. म्हणून या अर्जासाठी मुलीची खरी कसोटी लेखनाची होती.

चौथा प्रकार लहान, कला आणि विज्ञान या दोन्हींवर भर देणाऱ्या निवासी महाविद्यालयांचा. यांतील अनेक ठिकाणी ऐच्छिक कला-पुरवणी त्या त्या विभागातील प्राध्यापकांकडे अभिप्रायासाठी जाते. अर्ज वाचणारा अधिकारी आणि काम पाहणारा जाणकार वेगळे असणे, हा वर्गाबाहेरच्या सर्जनशील कामासाठी सर्वांत मोठा फायदा असतो, कारण दोऱ्याच्या गाठीचा सांधा किती वेळा फसल्यावर नीट हलू लागतो हे ज्याने स्वतः काही घडवले आहे त्यालाच उमगते.

कला महाविद्यालयांचाही विचार झाला होता आणि तो सोडून देण्याचे कारण नोंदवण्यासारखे आहे. तिथे पोर्टफोलिओ हाच अर्जाचा गाभा असतो. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० कलाकृती मागते. शाळेबाहेर कलेत रमलेल्या मुलीसाठी ही सर्वांत सोपी वाट असेल असे घरच्यांनी गृहीत धरले होते. परंतु प्रत्यक्ष निरीक्षणातून केलेली रेखाटने, निरनिराळ्या माध्यमांतील प्रयोग, कल्पना कशी बदलत गेली याचा मागोवा, हे सर्व अशा पोर्टफोलिओत अपेक्षित असते, आणि तिच्याकडे दोन लघुपटांखेरीज यांतले फारसे काही नव्हते. ती तयारी करायला एक पूर्ण वर्ष लागले असते.

आर्थिक साहाय्याच्या मुद्द्याने यादी आणखी आखडली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराच्या बाबतीतही कुटुंबाची ऐपत न पाहता प्रवेशाचा निर्णय घेतात. बहुसंख्य संस्थांत साहाय्य मागितल्याने निवडीची शक्यता कमी होऊ शकते. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत जवळजवळ मिळतच नाही, आणि वर्षाचा एकूण खर्च ७०,००० डॉलरच्या पुढे जातो. प्रतिभेबद्दल बोलताना हा आकडा बाजूला ठेवणे म्हणजे पालकांची दिशाभूल करणे होय.

काय ठरले आणि कसे अमलात आले

जुलैत तीन निर्णय झाले. नव्या स्पर्धांच्या मागे लागायचे नाही. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांसाठी १९२३ पासून चालत आलेले स्कॉलॅस्टिक कला व लेखन पुरस्कार भारतात शिकणाऱ्या मुलीला तसेही खुले नव्हते, आणि शुल्क भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पदक देणाऱ्या ऑनलाइन स्पर्धांना अनुभवी वाचक ओळखून असतात. दुसरा निर्णय असा की समाजसेवी संस्थेचा बेत सोडायचा. अर्जाच्या चार महिने आधी उगवलेली संस्था पाहून कोणाचेही मत चांगले होत नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलीला खोटेपणात ओढणे ही आपल्या हातून होऊ नये अशी गोष्ट आहे. तिसरा निर्णय: तिसऱ्या लघुपटाचे काम ऑगस्टअखेरपर्यंत करायचे आणि त्यानंतर जिथे असेल तिथे थांबवायचे, कारण बारावीचे गुण घसरले तर बाकी सारे व्यर्थ होते.

उपक्रमांच्या यादीत शेवटी सहाच नोंदी राहिल्या. नृत्य राहिले, कारण त्यातूनच बाहुलीच्या हालचालींची जाण आली होती; ऑलिंपियाडमधील सहभाग आणि शिबिरे गळाली. वडिलांना रिकाम्या जागा पाहून अस्वस्थ वाटत होते आणि त्यांची काळजी समजण्यासारखी होती, पण कमकुवत नोंदींमुळे बळकट नोंद झाकली जाते हे त्यांनी पुढे मान्य केले.

लघुपटांच्या वर्णनाचा पहिला मसुदा साधारण असा होता: ‘स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशनची आवड, अनेक लघुपट बनवले, त्यातून सर्जनशीलता, चिकाटी आणि वेळेचे नियोजन शिकले.’ यात एकही गोष्ट अशी नाही जी दुसऱ्या कोणा मुलाला लिहिता येणार नाही. अखेरचा मसुदा, अर्थातच इंग्रजीत, या आशयाचा झाला: ‘कागदी बाहुल्यांचे २ लघुपट, ४ व ६ मिनिटे, लेखन, चित्रण, ध्वनी एकटीने, प्रकाशदोष शोधणारा प्रोग्रॅम, ३ शाळांत प्रयोग.’ गुणवाचक शब्द गेले आणि त्या जागी संख्या व कृती आल्या. मुलांना स्वतःविषयी विशेषणे लिहायला शिकवले जाते, आणि नेमकी तीच सवय इथे आड येते.

मेकर पोर्टफोलिओत आणि कला-पुरवणीत तयार लघुपटाइतकीच जागा प्रक्रियेला दिली: फाटलेला पहिला सांधा, लुकलुकणाऱ्या चित्रफितीचा तुकडा, प्रोग्रॅमने काढलेला आलेख, आणि दुरुस्तीनंतरचा तोच प्रसंग. कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणार्धात चित्रे तयार होऊ लागल्यापासून मधल्या पायऱ्यांचा हा पुरावा पूर्वीपेक्षा मोलाचा झाला आहे. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात काही अर्जदारांना खेळाडू म्हणून दाखवण्यासाठी छायाचित्रेसुद्धा बनावट केली गेली होती, आणि त्यानंतर वर्गाबाहेरच्या दाव्यांकडे अधिक बारकाईने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. तिच्या मूळ छायाचित्रांच्या फाइली तारखांसह जपून ठेवलेल्या होत्या.

शिफारसपत्राबाबत केलेली निवड मला या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची वाटते. चित्रकलेच्या शिक्षकांऐवजी भौतिकशास्त्राच्या बाईंना विनंती करण्यात आली, कारण दिव्यांच्या कोनाबद्दलचे प्रश्न घेऊन मुलगी त्यांच्याकडेच जात असे. त्यामुळे वर्गाबाहेरचे काम वर्गातल्या अभ्यासाशी जोडले गेले, आणि तेही अर्जदाराच्या तोंडून नव्हे तर शिक्षकाच्या लेखणीतून.

निकाल आणि त्यावरून काढता येणारे अनुमान

पहिल्या प्रकारच्या विद्यापीठाने नकार दिला. तंत्रशिक्षण संस्थेनेही प्रवेश दिला नाही. सार्वजनिक विद्यापीठाच्या एका परिसरात (कॅम्पसमध्ये) प्रवेश मिळाला, मात्र साहाय्याविना. चौथ्या प्रकारच्या महाविद्यालयाने प्रवेश दिला आणि खर्चाचा मोठा भाग उचलणारे साहाय्यही दिले.

नकाराची कारणे संस्था कळवत नाहीत, त्यामुळे लघुपट कमी पडले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल; जिथे शंभरातील चार-पाच अर्जदारच निवडले जातात तिथे नकार ही सर्वसाधारण स्थिती असते. तितकेच चुकीचे ठरेल ते लघुपटांमुळे प्रवेश मिळाला असे म्हणणे. तिचे गुण चौथ्या महाविद्यालयाच्या अपेक्षेत बसत होते. त्या पातळीवरच्या इतर अनेक अर्जदारांमधून तिची फाइल वेगळी काढण्याचे काम लघुपटांनी केले असावे, एवढेच जबाबदारीने म्हणता येते. गुण ८० टक्क्यांच्या आसपास असते तर हेच काम बहुधा त्या टप्प्यापर्यंत पोहोचलेच नसते. कला महाविद्यालये हा याला अपवाद, कारण तिथे आधी हातातले कसब पाहिले जाते.

वडिलांनी नंतर विचारले की एखादे राष्ट्रीय पारितोषिक असते तर पहिल्या दोन ठिकाणीही जमले असते का. शक्यता वाढली असती, हे नाकारण्याचे कारण नाही. खटल्यातील मोजपट्टीच तसे सांगते. परंतु असे पारितोषिक चार महिन्यांत मिळवता येत नाही, आणि त्याच्या मागे लागून ऑगस्ट गेला असता तर पोर्टफोलिओ तयार झाला नसता.

उत्तर कळवण्याची मुदत १ मे होती. कुटुंबाने दोन्ही प्रवेशपत्रांतील चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, लहान महाविद्यालयात संगणकशास्त्र आणि कला हे दोन्ही मुख्य विषय एकत्र घेण्याची मुभा आहे याची विभागाकडून लेखी खात्री करून घेतली, आणि एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात होकार कळवला. प्रवेश बारावीच्या अंतिम गुणपत्रिकेच्या अटीवर होता, म्हणून तिसरा लघुपट निकाल लागेपर्यंत तसाच अर्ध्यावर ठेवण्यात आला.